उजवी बाजू श्रियाची

नौपाडा, ठाणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमा,

पाकीट बघून दचकली असशील. ठाण्याहून डोंबिवलीला आता कोणी पत्र लिहितं का? आणि तेही तुझ्या वहिनीनं, जिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले! पण नाइलाज आहे. बोललं की जबडा हलतो, आणि जबडा हलला की डावा गाल पेटतो. शनिवारी फोनवर "नुसतं हूं हूं काय करतेस?" म्हणून तू रागावलीस, ते हूं त्यामुळे होतं. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन तुझ्याआधी तुझी सून वाचते हे तूच मला सांगितलंयस. पत्र निदान चष्मा शोधून तू स्वतः वाचशील.

जुलैत मला नागीण झाली, डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. फोड आले, खपल्या धरल्या, पडल्या. सगळ्यांना वाटलं संपलं. मलाही वाटलं. दुखणं मात्र गेलं नाही. डॉक्टर म्हणतात, कातडीवरची नागीण गेली, पण जाताना आतली नस जाळून गेली. वय झालेल्या काहींना असं होतं, महिनोन्महिने राहतं, कुणाकुणाला वर्षानुवर्षं. पदराचं टोक लागलं तरी उलथन्याचा चटका बसल्यासारखं होतं. पंख्याचा वारा चालत नाही. त्या कुशीवर झोपता येत नाही. गोळ्या घेते, त्यांनी दुखणं जागं राहतं आणि मी पेंगते.

आणि दिसत काहीच नाही. गाल अगदी गुळगुळीत. साकेत बघतो आणि म्हणतो, "आई, तू ते मनाला लावून घेतलंयस." माझा मुलगा वाईट नाही, हेमा. त्याला दिसत नाही, एवढंच.

सुख म्हणशील तर एकच, माझी नात. श्रियाची शाळा इथं नौपाड्यात आणि त्यांचं घर कोलशेतला, त्यामुळे शाळा सुटली की ती माझ्याकडे येते आणि ऐश्वर्या ऑफिसातून येईपर्यंत माझी असते. आमचा दोघींचा नियम आहे, उजवी बाजू श्रियाची, डावी नागिणीची. सहा वर्षांची पोर, पण आजवर एकदाही चुकली नाही. उजवीकडेच बसते, उजव्याच खांद्यावर डोकं ठेवते. ती असली की मी दुखण्याला म्हणते, थांब जरा, मी कामात आहे. ही दुपार माझ्याकडून गेली, तर माझ्या दिवसात नुसता गाल उरेल.

तुझी,
उत्तरा वहिनी

&nbsp;

डोंबिवली पूर्व
२७ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

नमस्कार. काल मंगळवारी तुला बघून आले आणि आज लगेच लिहायला बसले. बोलायला गेलं तर तू हात करून गप्प करतेस, मग माझ्या पोटातलं मी कुठे ओतू?

खरं सांगू? तू काल गोळीच्या गुंगीत पडली होतीस आणि चेहरा इतका उतरलेला, की दादाची आठवण येऊन मला रडू आलं. तो असता तर त्यानं तुला असं पडू दिलं नसतं. नागीण आमच्या शेजारच्या चांगदेवरावांनाही झाली होती, कमरेला. गेरूचा लेप लावला, दोन आठवड्यांत माणूस भाजी आणायला बाहेर. तुझी इतके महिने राहते म्हणजे हे नुसतं नागिणीचं नाही, वहिनी. तुला दृष्ट लागली आहे. साकेतच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तू ती निळी पैठणी नेसून मिरवत होतीस, सगळ्या बायका टकामका बघत होत्या. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं.

तू शिकलेली, तुला सांगितलं तर हसशील. म्हणून मी तुला सांगितलंच नाही. श्रियाला शिकवून आले! तिला जवळ घेतलं, तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. पोरगी जाम खूश. म्हटलं, "असंच आजीला करायचं. लहान मुलांचं मन निर्मळ, तुझ्या हातानं आजीचं दुखणं पळेल." ती म्हणाली, "पण डावी बाजू नागिणीची आहे." म्हटलं, "तिथूनच तर काढायचंय! आजी जागी असली तर नको म्हणेल, झोपली की कर."

रागावू नकोस. लेकराच्या हातात गुण असतो.

तुझी,
हेमा

&nbsp;

नौपाडा
९ डिसेंबर २०२४

प्रिय हेमा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्याआधीच्या शुक्रवारी श्रियाच्या भुवईवर टाके पडले.

मला डुलकी लागली होती. अचानक दोन्ही गालांवर दोन तळवे आले. उजवा कळलाच नाही. डावा म्हणजे, हेमा, मी डोळे उघडायच्या आधी माझा हात उडाला होता. मी पोरीला ढकललं की मारलं, मला सांगता येणार नाही. ती शिलाई मशीनच्या कोपऱ्यावर आपटली. डोळे उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्त होतं आणि तिचे दोन्ही हात अजून तसेच कानशिलांपाशी वर होते, बोटं मोडायला.

खालच्या मजल्यावरच्या हरिहरांनी दवाखान्यात नेलं. तिथं साकेत आला. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "आई, नागीण जुलैत झाली. आता डिसेंबर लागेल. गालावर एक डाग नाही. आणि तू माझ्या मुलीवर हात उगारतेस?" मी बोलायला तोंड उघडलं तर दुखण्यानं माझा चेहरा वाकडा झाला. त्याला वाटलं, मी चिडले.

श्रियाला आता कोलशेतच्या पाळणाघरात ठेवतात. शाळेची बस थेट तिकडेच सोडते. मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले होते. बस वळताना ती खिडकीत दिसली, कपाळावर पट्टी. मला बघून तिनं हात हलवला नाही, बहुतेक विचारात पडली असेल हलवावा की नाही.

तुझ्या पत्राबद्दल मी आज काही लिहीत नाही. तू प्रेमानं केलंस हे मला माहीत आहे. साकेतला मी तुझं नाव सांगितलेलं नाही. सांगायचंच असेल, तर तू सांग.

उत्तरा

&nbsp;

डोंबिवली
२० डिसेंबर २०२४

वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन घास गेले नाहीत. माझ्या सोन्यासारख्या पोरीला टाके! देवाला दूध ठेवलं.

साकेतला फोन केला होता. तो इतका तापलेला की म्हटलं, आत्ता सांगून आगीत तेल कशाला? त्यातून सून शेजारीच उभी. तिला कळलं असतं तर आठवडाभर "तुमचे उपाय" म्हणून टोमणे ऐकावे लागले असते. योग्य वेळ बघून सांगेनच. आणि खरं सांगायचं तर मी नुसता हात फिरवायला सांगितलं होतं, ढकलायला कोणी कुणाला सांगत नाही. हे मी तुला लागावं म्हणून लिहीत नाही हं.

तू धीर धर. माझं ऐक, मन रमव. टीव्ही बघ, जप कर. आपण लक्ष दिलं की दुखणं डोक्यावर बसतं.

हेमा

&nbsp;

नौपाडा
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमा,

किती दिवसांनी लिहितेय. तुझ्या मागच्या पत्राचा राग आला होता, तो गेला असं म्हणणार नाही, पण आज दुसरं सांगण्यासारखं आहे आणि सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

माझ्या डॉक्टरांनी एका अभ्यासासाठी माझं नाव दिलं. नागिणीनंतर दुखणं राहिलेली माणसं, नागीण होऊन साफ बरी झालेली माणसं आणि नागीण कधीच न झालेली माणसं, अशा तिन्ही गटांच्या मेंदूची चित्रं काढून ताडून बघतात. त्या नळकांड्यात मी गेले, नुसती खडखड. बाहेर आल्यावर ऋजुता नावाच्या डॉक्टर मुलीनं समजावून सांगितलं. माझ्या श्रियासारखीच गोड बोलते.

ती म्हणाली, दुखणं राहिलेल्यांच्या मेंदूत फरक दिसतो. करडा थर काही ठिकाणी पातळ झालेला असतो, काही ठिकाणी उलट जाडावलेला. आणि ठिकाणं कुठली, तर वेदना जिथं पोचते ती, वेदनेला किती घाबरायचं हे जिथं ठरतं ती. मी तिला आमच्या एक्स्चेंजचं सांगितलं. कधी रस्त्यात केबल जळायची. पलीकडे कोणी फोन उचललेला नसायचा, तरी बोर्डावर त्या नंबरचा दिवा लागून राहायचा. आपण प्लग घालून विचारावं, नंबर प्लीज, तर पलीकडे शुकशुकाट. असा दिवा रात्रंदिवस पेटता ठेवला तर शेवटी बोर्डच झिजणार. ती हसली, म्हणाली, "काकू, थोडंफार तसंच."

हेमा, दिसतंय! माझं दुखणं दिसतंय! मी त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे बघत रडले. इतके महिने मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी ढोंगी आहे. आता हे साकेतपुढे ठेवीन. म्हणेन, बघ, मी तिला मारलं नाही, माझा हात आगीवरून उडाला.

पण तू आत्ता कोणाला काही बोलू नकोस. पुढच्या महिन्यात श्रियाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी मी जाईन आणि माझं मी सांगेन, मला जमेल त्या शब्दांत. मग दुपार परत मागेन.

तुझी,
उत्तरा

&nbsp;

डोंबिवली
६ मार्च २०२५

वहिनी,

रागावलीस तरी चालेल, पण मला राहवलं नाही. आणि झालं ते इतकं चांगलं झालंय की तू मला साडीच घेशील!

रविवारी आपल्या नंदाच्या मुलाच्या साखरपुड्याला साकेत-ऐश्वर्या आले होते. वहिनी कुठे म्हणून कोणीतरी विचारलं, तर साकेत म्हणाला, "तिला बरं नसतं." हे "बरं नसतं" त्यानं अशा सुरात म्हटलं की माझं डोकंच फिरलं. त्याला बाजूला घेतलं आणि चांगलं झापलं. म्हटलं, "नाटक म्हणतोस ना आईला? तिच्या मेंदूचं चित्र काढलंय मोठ्या डॉक्टरांनी! मेंदू झिजलाय तिचा! पातळ झालाय! भीतीबिती जिथं असते तिथं सगळं बिघडलंय. आता तरी विश्वास ठेव!"

पोरगा पांढराफटक पडला. ऐश्वर्यानं तोंडावर हात ठेवला. मग साकेतच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "आत्या, बरं झालं तू सांगितलंस. आम्हाला कल्पनाच नव्हती. मी उगाच तिच्यावर चिडलो. आता जे योग्य आहे ते करतो."

बघ! एका वाक्यात काम झालं. तू महिनाभर शब्द जुळवत बसली असतीस. ते दुसरं, बोटं मोडण्याचं, राहून गेलं. पण आता त्याची गरजही नाही, नाही का? आता त्याला पटलंय की तू आजारी आहेस.

हेमा

&nbsp;

नौपाडा
१४ एप्रिल २०२५

हेमा,

साकेतनं जे योग्य ते केलं. ऐक.

गॅसची शेगडी गेली, तिच्या जागी विजेची आली. बँकेची कागदपत्रं तो घेऊन गेला, "तुला त्रास नको." चोवीस तासांची बाई ठेवली आहे, कलावती नाव. स्वभावानं चांगली आहे, पण मी न्हाणीघरात गेले की बाहेर उभी राहते. साकेत आता माझ्याशी फार गोड बोलतो, प्रत्येक वाक्य दोनदा. पूर्वी तो माझ्यावर चिडायचा तेव्हा निदान माझ्याशी बोलत होता.

आणि श्रिया. वाढदिवसाला तिला इथं आणलं, दहा-पंधरा मिनिटं. ऐश्वर्या आमच्या दोघींच्या मध्ये बसली. श्रिया हात पाठीमागे बांधून उभी होती. मी म्हटलं, "ये की गं, उजवी बाजू तुझी." तिनं आईकडे बघितलं. जाताना जिन्यात तिनं विचारलेलं मला ऐकू आलं, "आजीचा मेंदू संपला की आजी मला ओळखणार नाही?"

मी ऋजुताला गाठलं. तिनं साकेतला फोन करून नीट सांगितलं. हे वेड नाही, विसरण्याचा आजार नाही, आईंची बुद्धी शाबूत आहे. तो म्हणाला, "डॉक्टर, मेंदूत बदल आहेत ना? हो की नाही?" ती खोटं कसं बोलेल? तो म्हणाला, "मग माझी मुलगी लहान आहे, मी धोका घेणार नाही."

एक गोष्ट मी तुला फेब्रुवारीत लिहिली नव्हती. ऋजुता तेव्हाच म्हणाली होती, "काकू, हा पुष्कळ लोकांच्या सरासरीतला फरक आहे. तुमच्या एकटीच्या चित्रावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि दुखण्यामुळे मेंदू बदलला की मेंदू आधीच तसा होता म्हणून दुखणं राहिलं, हेही आम्हाला अजून कळलेलं नाही." मला पुरावा हवा होता, म्हणून एवढं वाक्य मी गिळलं. आता तेच वाक्य मी साकेतला लिहून देते, तर तो म्हणतो, "हो आई. हो आई. पडून राहा."

तेव्हा आता मला एकच मार्ग दिसतो. दुखणं आहे हे पटवून काही मिळालं नाही. नाही हे पटवून बघते. एक्स्चेंजमध्ये गिऱ्हाईक शिव्या घालायचं तेव्हा आम्ही हसऱ्या आवाजात "होल्ड करा" म्हणायचो, तेवढं मला येतं. रोज आरशासमोर बसते आणि स्वतःचा तळवा डाव्या गालावर ठेवते. आधी डोळ्यांतून पाणी यायचं. आता येत नाही. ओठ हलतो अजून थोडा. दुखणं जराही कमी नाही, ते तसंच आहे. चेहराच तेवढा शिकवतेय.

उत्तरा

&nbsp;

डोंबिवली
१८ जून २०२५

माझ्या गोड वहिनी,

साकेतचा फोन आला आणि मी आधी देवापुढे साखर ठेवली! त्यानं सगळं सांगितलं. रविवारी कोलशेतला सगळे जेवायला बसलेले, आणि तू आपणहून म्हणालीस, "श्रिया, मागे तू करणार होतीस ते राहिलं. आज कर." ऐश्वर्या घाबरून उठायला लागली तर तू तिला बस म्हणालीस. पोरीनं भीत भीत दोन्ही गालांवरून हात फिरवले, आणि तू हसत होतीस! मग तू म्हणालीस, "नीट दाबून कर, तरच जाईल." परत केलं. परत हसलीस. तिनं कानशिलांवर बोटं मोडली ती सगळी वाजली म्हणे. साकेत म्हणाला, "आत्या, मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पापणी हलली नाही. गेलं सगळं."

आता तरी मानशील ना? मी काय म्हणत होते! दृष्टच होती. वर्षभर गोळ्या खाल्ल्यास, त्या नळकांड्यात गेलीस, आणि शेवटी उतरलं ते लेकराच्या हातानं. तुझा तो आरशासमोरचा सरावही कामाला आला असेल, मी नाही म्हणत नाही. साकेतला मी आता सांगून टाकलं की हे श्रियाला शिकवलं कोणी ते. तो म्हणाला, "आत्या, तुझे उपकार आहेत."

शाळा सुरू झाली, श्रिया पुन्हा दुपारची तुझ्याकडे! कलावतीलाही महिनाअखेर सोडणार म्हणे. तुझं बोलणंही सुटलं असेल, मग फोन कर ना. पत्रं किती दिवस लिहायची?

तुझी लाडकी,
हेमा

&nbsp;

नौपाडा
४ जुलै २०२५

प्रिय हेमा,

तुझं म्हणणं खरं ठरलं. दृष्टच होती. मी अगदी बरी आहे. हे साकेतला तू जरूर सांग, माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून त्याला लवकर पटतं.

पत्रं मात्र चालू ठेवू या. सवय झाली आहे.

श्रिया शाळा सुटली की येते. खूप बोलते. पाळणाघरातल्या मुलांची नावं, तिथली खिचडी, तिथल्या मावशी दुपारी कशा घोरतात. तिच्या भुवईत टाक्यांच्या जागी केस येत नाहीत, तिथं एक बारीक पांढरी रेघ राहिली आहे. परवा तिला विचारलं, दुखतं का गं? म्हणाली, "नाही, नुसतं दिसतं."

आता ती कुठल्याही बाजूला बसते. नियम मोडला म्हणून तिला फार आनंद झाला आहे. आपल्या हातानं आजी बरी झाली याचा तर इतका अभिमान आहे की शाळेतही सांगते. आल्या आल्या दप्तर टाकायच्या आधी माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवते, दाबून, आणि बोटं मोडते. म्हणते, "रोज केलं नाही तर परत येईल." मी म्हणते, "हो, रोज करायचं."

ऋजुताचा फोन होता. वर्षानंतर पुन्हा चित्र काढून काय बदललं ते त्यांना बघायचंय. मी नाही म्हणाले. म्हटलं, बऱ्या माणसाचं कशाला काढता? ती म्हणाली, "काकू, खरंच गेलं?" मी म्हटलं, होल्ड करा, दार वाजतंय. आणि ठेवून दिला.

तुझ्या दादाची ती जुनी लाकडी खुर्ची माळ्यावरून काढून घेतली आहे, भक्कम हातांची. दारासमोरच ठेवली आहे. श्रिया येते तेव्हा मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसते.

खाली शाळेची बस थांबल्याचा आवाज आला. पत्र इथंच संपवते. मला खुर्चीत जाऊन बसायला हवं.

तुझी,
उत्तरा वहिनी